तुमची बस सुटते का?

३ ऑगस्ट

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि फोन ठेवल्यावर मामीला विचारता की पोरगी काय म्हणत होती. हे मामीनेच मला सांगितलंय. तेव्हा यापुढे पत्रच लिहायचं ठरवलंय. तुमच्या कानांपेक्षा तुमचा चष्मा बरा.

नव्या नोकरीचं नीट कळवते. इथे विद्यापीठात दीड हजार माणसं रोज येतात-जातात. त्यांनी आपली गाडी घरी ठेवावी आणि बसने, सायकलने नाहीतर पायी यावं, यासाठी मला नेमलंय. हुद्दा 'ये-जा अधिकारी'. दारावर तशी पाटी लागल्यापासून रोज दोघं-तिघं येऊन हरवलेली छत्री मिळाली का विचारतात. खोली जिन्याखाली आहे. पटकन उठलं की डोकं आपटतं. पण खिडकी फाटकाकडे उघडते, त्यामुळे सकाळची गाड्यांची रांग मला बसल्या जागी दिसते. एकेका गाडीत एकेक माणूस, आणि प्रत्येकाचा चेहरा पुढच्याने आपलं काही चोरल्यासारखा.

मी आल्या आल्या एक बस सुरू करून घेतली. सकाळी आठ-चाळीसला स्टेशनवरून निघते, संध्याकाळी सहाला आमच्या फाटकावरून परत जाते. पण ती सध्या प्रयोग म्हणून आहे. इथला सगळा कारभार कुलसचिव पाहतात. त्यांनी अट घातली आहे की सत्र संपेपर्यंत संध्याकाळच्या फेरीला सरासरी पंचवीस माणसं बसली नाहीत तर बस बंद. मग ग्रंथालयामागच्या मैदानावर फरशी घालून तिथे शंभर गाड्या उभ्या करायची सोय होणार. त्या मैदानावर दुपारी अख्खं विद्यापीठ पाय पसरून बसतं, मामा. आणि बस गेली की माझी पाटीही उतरणार, कारण माझी नेमणूक त्याच ठरावात आहे.

सकाळी बस भरून येते, चाळीस-बेचाळीस माणसं. संध्याकाळी मोजून सात. काल कुलसचिवांनी मला विचारलं की बाकीचे इथेच मुक्कामाला राहतात काय. मी हसले, ते हसले नाहीत.

तुम्ही तीस वर्षं बसस्थानकावर टाइमकीपर होतात. काही सुचलं तर लिहा. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो आता पत्रातूनही कळू द्यावा.

आपली भाची,
ठकू


९ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा तुझ्या मामीने मोठ्याने, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून, पण ऐकू गेलं ते शेजाऱ्यांना. आता सगळ्या जिन्याला तुझा हुद्दा माहीत झाला आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला अडवून सांगितलं की भाची मोठी साहेब झाली, पण नक्की काय करते ते कळलं नाही. मी म्हटलं, येते आणि जाते.

चेष्टा पुरे. पोरी, मी शाळेत गेलो तो जेमतेम दोन वर्षं. अक्षरं शिकलो ती बसच्या पाट्यांवरून, आणि हिशेब शिकलो तो घड्याळावरून. त्यामुळे तुझ्या विद्यापीठातल्या विद्वानांना मी काय सांगणार? पण एक खात्रीने सांगतो. माणूस स्वतःची गाडी काढतो ती सगळीच मिरवायला काढत नाही. निम्मे लोक धास्तीने काढतात. जाताना आपण कुठे अडकून पडू नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. तेव्हा त्यांना उपदेश करू नकोस. उपदेश ऐकून कोणी बसमध्ये चढलेलं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. त्यांना विचार. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, एक प्रश्न विचारतेस आणि उत्तर यायच्या आत दुसरा. तसं करू नकोस.

जिन्याखालच्या खोलीत डोकं सांभाळ. उठताना आधी खुर्ची मागे सरकवावी, मग उठावं. आमची टपालाची खोली अशीच होती. माझ्या कपाळावरची खूण मामी पराक्रमाची म्हणून सांगते, ती तिथली आहे.

लोभ कधी मोजला नाही, तूही मोजू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. ठकू, यांना सांग की रोज संध्याकाळी चालायला जावं. दुसऱ्यांना धास्ती सोडा म्हणतात आणि स्वतः दूध आणायलासुद्धा जात नाहीत. — मामी


२० ऑगस्ट

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. उपदेश केला नाही, विचारलं. सकाळच्या बसने अधूनमधून येणाऱ्या साठ जणांना छापील प्रश्नपत्रिका वाटल्या आणि साठही परत आल्या. विद्यापीठात अशी वसुली आजवर कोणाला जमली नाही, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. एक कोरी प्रत सोबत जोडली आहे, तुम्हाला कौतुक वाटेल म्हणून.

बसबद्दल लोकांची काहीच तक्रार नाही, हे वाचून मला हायसं वाटलं. चौथा प्रश्न बघा: 'संध्याकाळी तुमची बस सुटते का?' पर्याय तीन: रोज, कधीकधी, कधीच नाही. एकोणपन्नास जणांनी 'रोज' वर खूण केली आहे. चौघांनी 'कधीकधी'. सात जणांनी मात्र 'कधीच नाही' वर केली आहे, त्यांना बहुतेक प्रश्न कळला नाही. म्हणजे बस रोज वेळेवर सुटते, याला एकोणपन्नास साक्षीदार आहेत. मी हा आकडा चालकदादांना दाखवला. एरवी ते दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि बसच्या पुढच्या काचेला आतून चिकटवला.

आता माझी खात्री झाली की दोष बसचा नाही, लोकांचा आहे. सकाळी उत्साह असतो, संध्याकाळी आळस. म्हणून मी पुढच्या महिन्यात जोरात उतरणार आहे. हिरव्या पानांची भित्तिपत्रकं छापायला दिली आहेत. जो महिनाभर संध्याकाळच्या बसने जाईल त्याला चहाचा एक मग, त्यावर विद्यापीठाचं चिन्ह. आणि हवेवर एक व्याख्यान. म्हणजे हवेत दिलेलं नव्हे, हवेच्या प्रदूषणावर. तुम्ही हसण्याआधी मीच सांगून ठेवते.

मामी, त्यांना मीही सांगितलं चालायला. लोभ असावा, आणि या वेळी थोडं कौतुकही असावं.

आपली,
ठकू


२६ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नपत्रिका चहा पिताना वाचायला घेतली ही माझी चूक झाली. चौथ्या प्रश्नावर इतका हसलो की चहा सदऱ्यावर सांडला. मामी धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. मी कागद तिच्या हातात दिला आणि विचारलं, तुला कोणी हे विचारलं तर काय सांगशील? ती म्हणाली, सुटते की, गेल्या आठवड्यात दोनदा सुटली, तुम्ही आवरून वेळेवर निघत नाही म्हणून.

कळलं का?

बाळ, बस सुटते म्हणजे ती निघते, हे आपलं स्थानकातलं बोलणं. पण प्रवाशाला विचार. धापा टाकत एखादा खिडकीशी येतो आणि माझी बस सुटली म्हणतो, तेव्हा तो काही आनंदाची बातमी सांगत नसतो. आणि तू तर 'तुमची' असं लिहिलंस. त्या एकोणपन्नास जणांनी तुला शपथेवर सांगितलंय की त्यांची बस रोज हुकते. ज्या सातांना प्रश्न कळला नाही म्हणतेस, त्यांनाच तो कळला. संध्याकाळी बसमध्ये सात माणसं असतात, असं तूच लिहिलं होतंस. तीच ही सात.

आता मी का हसलो, आणि मग का थांबलो, ते सांगतो. तुला आमच्या घरातली ती पितळी ढाल आठवत असेल, जी मामी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावून ठेवते. ती मला वक्तशीरपणाबद्दल मिळाली होती. आमचं स्थानक कापडाच्या कारखान्यासमोर होतं. तिथून साडेपाचची बस मी अकरा वर्षं एका मिनिटाचाही फरक न करता सोडली. कारखान्याचा भोंगा साडेपाचलाच व्हायचा. माणसं यंत्र बंद करून, हात धुऊन फाटकाशी येईपर्यंत मी शिट्टी वाजवलेली असायची. पळत येणारी माणसं मला रोज दिसायची, ठकू. मला वाटायचं, हे कधी सुधारणार! ढाल मिळाली त्या आठवड्यात सूत कातणारा एक म्हातारा कामगार माझ्या खिडकीशी आला. रागावला नाही. म्हणाला, साहेब, तुमची बस फार वेळेवर असते, पाहायला बरं वाटतं. मी ती पुढच्या महिन्यापासून दहा मिनिटं उशिरा लावून घेतली. पण अकरा वर्षं गेली ती गेली.

तेव्हा ते चहाचे मग आणि ती हिरवी पानं राहू देत. उद्या-परवा घड्याळ घेऊन उभी राहा, पण बसथांब्यावर नाही. सगळ्यात सावकाश माणूस कोण ते शोध, त्याच्या कामाच्या जागी जा आणि त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चाल. घाई करायला लावू नकोस. किती वाजले ते मला लिही.

हसलो म्हणून रुसू नकोस. तुझ्यावरच्या लोभाला चहाचा डाग पडत नाही.

तुझा,
मामा


४ सप्टेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

रुसले होते. दोन दिवस. मग भित्तिपत्रकं थांबवली. चहाचे मग मात्र छापून झाले आहेत, त्यातल्या एकात मी पेनं ठेवते.

सगळ्यात सावकाश आहेत त्या रसायनशाळेतल्या मावशी. बत्तीस वर्षं तिथे मदतनीस आहेत आणि गुडघे दुखतात. मी सोमवारी साडेपाचपासून त्यांच्याजवळ बसले. सहाला विद्यार्थी बाहेर पडले. मावशींनी गॅसच्या तोट्या एकेक करून हात लावून तपासल्या, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, ते दोनदा ओढून पाहिलं. मुख्य इमारतीत जाऊन किल्ली जमा केली, वहीत सही केली. तिथून फाटक. आम्ही गप्पा मारत चाललो. फाटकाशी आलो तेव्हा सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. बस नव्हतीच. नऊ मिनिटांपूर्वी गेलेल्या बसची पाठसुद्धा दिसत नाही, मामा. मावशींबरोबर आणखी पंधरा-वीस जण होते. कोणी चिडलं नाही. सवयीने सगळे मोठ्या रस्त्याकडे वळले. मावशी म्हणाल्या की त्यांनी तिघींनी मिळून एक जुनी मोटार बघून ठेवली आहे, सत्र संपलं की घेणार. मी ये-जा अधिकारी असताना, मामा, आणि माझ्याच प्रश्नपत्रिकेत त्यांनी मला सगळं सांगितलेलं असताना!

ग्रंथालय सहाला बंद होतं, वर्ग सहाला सुटतात, कचेरी सहाला. आणि बस सहाला. मीच ती वेळ ठरवली होती. किती नीटनेटकी दिसली होती तेव्हा कागदावर.

दुसऱ्या दिवशी चालकदादांना म्हटलं, रोज दहा मिनिटं थांबाल का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काचेवरच्या माझ्याच कागदाकडे पाहिलं, आणि सांगितलं की एकोणीस वर्षांत त्यांची गाडी एक मिनिट उशिरा निघालेली नाही. मग किल्ली काढली आणि चहाला निघून गेले. तेव्हापासून बोलत नाहीत. म्हणजे आधीही बोलत नव्हते, पण आता मुद्दाम बोलत नाहीत.

ऑक्टोबरच्या तीस तारखेला, सत्र संपता संपता, बस ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीची सभा आहे. मला काही सुचत नाही. लोभ असू द्या, आणि काही युक्ती असेल तर तीही असू द्या.

आपली,
ठकू


१० सप्टेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तू त्या भल्या माणसाला उशीर कर म्हणालीस. एकोणीस वर्षं जो वेळ पाळतो त्याला असं म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला जरा करपू दे म्हणण्यासारखं आहे. त्याला उशीर करायला सांगायचं नाही. त्याला नवी वेळ द्यायची, छापून, शिक्क्यानिशी.

आणि वेळ सहा-दहा नको, सव्वासहाही नको. सहा वाजून बारा मिनिटं ठेव. सव्वासहा ऐकलं की माणूस 'साधारण सव्वासहा' समजतो आणि सहा-वीसला उगवतो. सहा-बारा ऐकलं की घड्याळ बघतो. त्याला वाटतं, ज्यांनी बारा लिहिलंय ते नक्की बाराला जाणार. हे मला कोणी शिकवलं नाही, लोकांचे चेहरे बघून कळलं.

सोबत चालकदादांसाठी चिठ्ठी आहे. न वाचता दे. तू वाचणारच, म्हणून बंद केलेली नाही.

मी चालायला लागलो आहे. मामीने विजय साजरा करू नये.

तुझा,
मामा


(सोबतची चिठ्ठी)

रा. रा. चालकसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी निवृत्त टाइमकीपर. आपली बस सहाच्या ठोक्याला निघते असं माझ्या भाचीने लिहिलं. ती तरुण आहे, वेळेवर गाडी काढायला किती गोष्टी सांभाळाव्या लागतात हे तिला अजून माहीत नाही. मला माहीत आहे.

तिने आपल्याला थांबायला सांगितलं ते चुकलं. गाडीने कोणासाठी थांबू नये. एकासाठी थांबलं की उद्या दुसरा रेंगाळतो. म्हणून विनंती अशी की नवं वेळापत्रक येईल त्यात सहा-बारा असेल. ती वेळ आपण तशीच पाळावी, जशी सहाची पाळलीत. स्टेशनवरची सहा-चाळीसची गाडी मिळते, मी हिशेब केला आहे, आपण पुन्हा तपासावा. आपला अनुभव ताजा आहे.

मी निवृत्त झालो त्या दिवशी कोणी मला विचारलं नाही की बस किती वेळा वेळेवर गेली. एक बाई म्हणाल्या, तुमच्यामुळे मी मुलं झोपायच्या आत घरी पोचायचे. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही. आपण गाड्यांच्या कामातले म्हणून सांगितली.

आपला स्नेह नवा आहे, तो जुना होईपर्यंत टिकावा.

आपला,
एक टाइमकीपर


३१ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मधल्या काळात दोन ओळींची कार्डंच पाठवली, त्याबद्दल माफ करा. चालकदादांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि मला विचारलं की तुमच्या मामांचं घड्याळ कुठल्या बनावटीचं आहे. शिक्क्याचं नवं वेळापत्रक त्यांच्या हाती दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काचेवरचा माझा कागद गेला होता आणि तिथे सहा-बारा असा आकडा होता, त्यांच्याच हाताने रंगवलेला. पहिल्या दिवशी एकोणीस माणसं. आठवड्याने तीस. परवा एकेचाळीस. मावशी उजवीकडच्या दुसऱ्या बाकावर बसतात. मोटारीचं काय झालं विचारलं तर म्हणतात, तिघींचं रंगावरून जमलं नाही.

काल सभा झाली. चार वाजता सुरू झाली, नऊ सभासद. मी आकडे वाचले. कुलसचिवांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि मग पेन्सिलीने गणित केलं. पहिले दोन महिने सात-सात, नंतरचे सहा-सात आठवडे तीसच्या वर, तर अख्ख्या सत्राची सरासरी एकोणीस. अट पंचवीसची. ते म्हणाले की वाईट वाटतं, पण लिहिलेलं ते लिहिलेलं. मी सांगितलं की चूक वेळेची होती, आणि ती वेळ मी ठरवली होती, तेव्हा पहिले दोन महिने माझ्या नावावर टाकावेत, बसच्या नाही. त्यावर ते म्हणाले की ठरावात तशी सोय नाही. मग एकाने मैदानाचा विषय काढला, दुसऱ्याने फरशीचा, आणि साडेपाच वाजून गेले तरी गाडं तिथेच. मला आतून रडू येत होतं. मी वही काढून काहीतरी लिहीत राहिले.

सहा वाजून दोन मिनिटांनी ग्रंथपालबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग भौतिकशास्त्राचे प्राध्यापक कागद गोळा करायला लागले. मग लेखापाल उठले. एकामागून एक सहा जण उभे राहिले. कुलसचिवांनी विचारलं की मत घ्यायचंय, चाललात कुठे. ग्रंथपालबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि एवढंच म्हणाल्या, "सहा-बारा." बस हा शब्दही नाही, मामा. जणू सगळ्या जगाला ठाऊक आहे.

खोलीत आम्ही चौघं उरलो. कुलसचिवांनी त्या सहा रिकाम्या खुर्च्या पेन्सिलीने मोजल्या. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी माझ्याकडे कागद सरकवला आणि म्हणाले, "लिहा. एक वर्ष चालू ठेवावी. आणि गेलेत त्यांच्या सह्या आणा, नाहीतर ठराव होत नाही."

मी जिना धावत उतरले. चढले आणि बस हलली. आत उभं राहायलाही जागा नव्हती, सभासद कुठे कुठे विखुरलेले. मी कागद जवळच्या माणसाच्या हातात दिला आणि ओरडून सांगितलं की सह्या करून पुढे द्या. कोणी, ते सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणता ते खरं, मी घाई करते. स्टेशनवर कागद परत आला तेव्हा त्यावर एकेचाळीस सह्या होत्या. मावशींची होती, माळ्याची होती, पहिल्या वर्षाच्या दोन मुलींची होती, वळणावर सगळ्या वाकड्या झालेल्या. शेवटी चालकदादांनी बस उभी केली, इंजिन बंद केलं, खिशातून चष्मा काढला आणि तळाशी सावकाश आपली केली.

आज सकाळी तो कागद घेऊन कुलसचिवांकडे गेले. सांगितलं की चूक झाली, नवा लिहून आणते. त्यांनी तो बोटाने वरपासून खालपर्यंत मोजला. सहाच हव्या होत्या, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं की ज्यांनी सह्या केल्या ते सगळे काल बसमध्ये होते ना. मी हो म्हटलं. त्यांनी दोन भोकं पाडून कागद फाइलला लावला आणि म्हणाले की मग कालची मोजणी वेगळी पाठवायची गरज नाही.

मामीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतो, तरी जास्तीचा आला तर परत पाठवणार नाही.

आपली,
ठकू